खिडकी बंद करा, लसूण घालतेय

आई,

काल रविवार. सकाळी अकराच्या सुमाराला शेजारच्या बीजींनी सवयीने हाक मारली, "माताजी, खिड़की बंद कर लओ, लसण पाण लग्गी आं!"

आणि मग त्यांना आठवलं. पुढे नुसता तूप तापल्याचा आवाज. आपल्या आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांमध्ये हातभर अंतर. तोंडाला ओढणी लावून उभ्या असलेल्या बीजी मला दिसत होत्या. तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी हात पुसले आणि म्हटलं, "डालो बीजी, बंद कर रही हूँ." आणि खिडकी लावून घेतली.

लसणाच्या वासाचा मला कसला त्रास? पण लावली खरी.

इथल्या मराठी मंडळींच्या अंकासाठी तुमच्यावर चार शब्द लिहा असा निरोप आलाय. जन्म कुठला, माहेरचं नाव काय, चंदीगडात किती वर्षं, असं सगळं हवंय त्यांना. ते तुमच्या चिरंजिवांनी वेगळ्या कागदावर लिहून दिलंय. नकाशाच्या ऑफिसात आहेत, अक्षर सुंदर आहे, ते त्यांनाच शोभतं. मला तुमच्याशी बोलायचंय. दोन वर्षांपासून एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. रोज समोर होतात तेव्हा सांगितली नाही, आता कागदावर सांगते. चार लोक वाचतील ते वाचतील.

त्यांना कळावं म्हणून आधी तुमचा नेम सांगते. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा असताना विषमज्वराने आजारी पडला. तालुक्याहून सायकलवर येणाऱ्या डॉक्टरने तिसऱ्या आठवड्यात मान हलवली. तेव्हा तुम्ही देवापुढे बोललात, पोर उठू दे, जन्मभर चातुर्मासात कांदा-लसूण तोंडात घालणार नाही. पोर उठलं. वाढलं, ड्राफ्ट्समन झालं, माझ्या गळ्यात पडलं, चंदीगडला बदलून आलं. तुमचा नेम मात्र दर आषाढी एकादशीला सुरू होऊन कार्तिकीला सुटत राहिला. सुटायच्या दिवशी तुम्ही कांद्याची भजी अशी खायचात की बघणाऱ्याला भूक लागावी.

त्या चार महिन्यांत आपल्या घरात दोन चुली असायच्या. ओट्यावर तुमचा सोवळा गॅस, आणि बाल्कनीत माझा स्टोव्ह, तुमच्या भाषेत 'लसणीचं खातं'. तुमच्या मुलाला लसणीच्या चटणीशिवाय भाकरी उतरत नाही. ज्याच्यासाठी नेम, तोच बाल्कनीत पाट घेऊन बसायचा आणि चटणी चाटायचा. मी हसले की तुम्ही म्हणायचात, "खाऊ दे. मी बोललेय, तो नाही बोलला."

आणि बीजींची ती हाक. पहिल्याच वर्षी त्यांच्या फोडणीने तुम्ही पदर नाकाला लावून देवघरात जाऊन बसलात, ते त्यांनी पाहिलं. काय व्रत आहे ते विचारून घेतलं. तेव्हापासून आषाढ ते कार्तिक, त्यांनी एकदाही न सांगता लसूण कढईत टाकला नाही. पंजाबी घर, लसूण दिवसातून दोनदा. म्हणजे हाकाही दोनदा. सेक्टर बावीसमधल्या आमच्या गल्लीतली माणसं त्या हाकेवर घड्याळ लावत असतील.

मी पडले रसायनशास्त्राची बी.एस्सी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील सोलापुरात मागावर. सही करायची म्हटलं की आधी खुर्चीवर बसायचे, मग घाम पुसायचे, मग पेन हातात घ्यायचे. हे मी कुणालाही सांगते, लपवत नाही, आणि तुम्हाला माझं ते सांगणं आवडायचं. लग्नानंतर माझ्या पदवीच्या कागदाला तुम्हीच फ्रेम करून आणलीत आणि देवांच्या तसबिरींच्या ओळीत टांगलीत. सकाळी देव पुसताना तिच्यावरूनही फडकं फिरायचं. बीजींना तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलंत, "मेरी बहू बीएस्सी है. पहिले फटक्यात पास." चौथीपर्यंत शिकलेली सासू आणि ही ऐट! मला माझ्या आईने इतकं मिरवलं नव्हतं.

पण वाद व्हायचेच.

"आई, लसणात गंधक असतं, म्हणून तो वास. त्याचा देवाशी काय संबंध?"

"गंधक असू दे नाहीतर सोनं असू दे. मी बोललेय ना, मग झालं."

"कुणाशी बोललात?"

"ज्याच्याशी बोलले त्याला माहीत आहे. तू तो भात बघ, लागतोय."

भात खरंच लागलेला असायचा.

तर ती दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सेक्टर सतराच्या बाजारात दिल्लीच्या एका कंपनीने नवीन हॉटेल काढलं होतं. दिल्लीत त्यांची चार-पाच दुकानं, सगळीकडे म्हणे त्याच लाल खुर्च्या, तीच काचेची दारं आणि तोच पिझ्झा. आमच्या स्टाफरूममध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता. मी तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत चार वर्षं तात्पुरती डेमॉन्स्ट्रेटर होते. दर उन्हाळ्यात नोकरी सुटायची, दर जुलैत परत लागायची. त्या श्रावणात ऑर्डर आली आणि मी पक्की झाले. तुम्ही देवापुढे साखर ठेवलीत आणि मी जाहीर केलं, पार्टी माझ्यातर्फे, सगळ्यांनी पिझ्झा खायचा.

"तुम्ही तिघं जा," तुम्ही म्हणालात. "मी आपला दहीभात खाईन. चातुर्मास आहे."

"मी विचारून आलेय. कांदा-लसूण न घालता देतात करून."

"हॉटेलवाल्याचा काय भरवसा?"

"आई, मी स्वतः जाऊन विचारून आलेय. माझ्यावर तरी भरवसा आहे ना?"

यावर तुम्ही उठलात आणि ट्रंकेतली निळी इरकल काढलीत. तेव्हा मला नुसतं जिंकल्यासारखं वाटलं होतं.

चालत गेलो आपण. मंजू आठ वर्षांची, तुमचा हात ओढत पुढे. बाजारात कारंजं चालू होतं. त्याचं पाणी बघून तुम्ही विचारलंत, हे रोज इतकं पाणी उडवतात, प्यायला कुणी नाही का? आत गेल्यावर तिलकराज नावाचा वेटर आला, आकडेबाज मिशा आणि गळ्यात लाल बो. आधी बसस्टँडजवळच्या ढाब्यावर होता, तिथली सवय म्हणून टेबल पुसताना खांद्यावरचं फडकं शोधायचा आणि मग लक्षात यायचं की इथे फडकं खांद्यावर ठेवत नाहीत.

"एक बिना प्याज, बिना लहसुन," मी त्याला सांगितलं. "माताजी का व्रत है."

"पक्का, जी."

"त्याला म्हणावं सुरी धुवून घे," तुम्ही मला मराठीत म्हणालात, आणि मी सांगायच्या आत स्वतःच, "भैया, सुरी धोके लेना, हां?"

"धोके लेंगे माताजी. आपके सामने धोके लाऊँगा."

आणि खरंच, सुरी नाही, ते चाक लावलेलं हत्यार तो तुमच्यासमोर पाण्याच्या ग्लासात बुचकळून घेऊन आला. पिझ्झा टेबलावर ठेवला. तुम्ही वाकून पाहिलंत.

"अगं, हे थालीपीठ की गं!"

"इटलीचं आहे आई."

"इटलीचं का असेना. मधे भोक पाडलेलं नाही. तेल आत जाणार कुठून? कच्चं राहिलं असेल."

मग तिलकराजने ते चाक फिरवायला घेतलं आणि तुम्ही त्याचा हातच धरलात. "थांब थांब! हे तर आपलं कातणं. करंज्यांचं. सुमन, बघ, इटलीतही करंज्या करतात." त्याला काही कळलं नाही, पण माणूस भला, त्याने ते तुमच्या हातात दिलं. आणि तुम्ही, साठी उलटलेली बाई, इरकलीचा पदर खोचून, हॉटेलभर लोक बघत असताना, त्या गोल पिझ्झाच्या सुरेख चौकोनी वड्या पाडल्यात. आधी उभे काप, मग तिरके. नारळाच्या वड्या पाडाव्यात तशा.

"आजी! ऐसे नहीं! ट्रायंगल काटते हैं!" मंजू ओरडली.

"त्रिकोणी समोशाला. ही वडीच बरी. वाटायला सोपी पडते."

तुमचे चिरंजीव तोंडावर रुमाल धरून हसत होते. मी मात्र, खरं सांगते, पलीकडच्या टेबलावर आमच्या कॉलेजच्या इंग्लिशच्या बाई दिसल्या म्हणून अवघडले होते. त्याची आता लाज वाटते. त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विचारलं, तुमच्या सासूबाई अगदी नीट कापत होत्या, कुठे शिकल्या?

मग तुम्ही पहिला घास घेतलात. चावता चावता थांबलात. माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, चीजची तार लांबली म्हणून थांबलात, मी बशी पुढे केली. तुम्ही मान हलवलीत, घास गिळलात, पाणी प्यालात. जरा वेळाने म्हणालात, "चव आहे." आणि दुसरी वडी उचललीत.

मी हात धुवायला उठले. बेसिन आत, भटारखान्याच्या दाराशी. दारातून एक मोठं पातेलं दिसलं, लाल सॉसचं, आणि शेजारी थाळीभर सोललेला लसूण. मी तिथेच थांबले. तिलकराज ट्रे घेऊन येत होता. त्याला विचारलं, "भैया, सॉस में लहसुन है?"

"वो तो जी सुबह ही पड़ जाता है. दिल्लीवालों का तरीका है," तो म्हणाला. "ऊपर से नहीं डाला मैंने. आपने बोला था ना, बिना लहसुन. ऊपर एक दाना नहीं है, कसम से."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मीच चुकले होते. प्रयोगशाळेत मुलींना शिकवते, बाटलीवरचं लेबल वाचू नका, आत काय आहे ते विचारा. आणि मी स्वतः विचारलं वरच्या थराचं, खालचा थर विचारलाच नाही. आम्ही रोजचे लसूण खाणारे, मला जिभेवर कळायचा प्रश्न नव्हता.

परत आले तर तुम्ही तिसऱ्या वडीवर होतात.

"काय गं? चेहरा का उतरला?"

"काही नाही. बेसिनपाशी गर्दी होती."

एवढंच बोलले. आई, तेव्हा मी बोलायला हवं होतं. का नाही बोलले याची मी पुढे पुष्कळ कारणं काढली. तुमचं मन दुखावेल. खाऊन झालंच आहे. असल्या नेमात काय अर्थ आहे. पण खरं कारण असं की तो दिवस माझा होता. मी पक्की झाले होते, मी विचारून आले होते, माझ्यावर भरवसा ठेवा म्हणाले होते. पहिल्या फटक्यात पास होणाऱ्या बाईला सगळ्यांसमोर, मी चुकले, असं म्हणता आलं नाही.

दहा-बारा दिवसांनी तुमचा मुलगा ऑफिसातून येताना चौकात ओल्या पानांवरून स्कूटर घसरून पडला. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घालून घरी आणलं तेव्हा तो हसतच होता, महिनाभर नकाशे नाहीत म्हणून. तुम्ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवलात, देवघरात गेलात आणि बाहेर येऊन म्हणालात, "माझ्याच नेमात काहीतरी खोट आली असेल. आजपासून कार्तिकीपर्यंत मी एक वेळ जेवणार."

मला ते लाल सॉसचं पातेलं आठवलं. पण तोंड काय म्हणालं? "आई, रस्ता ओला होता. मनगटाच्या हाडाचा आणि तुमच्या जेवणाचा काय संबंध?"

"असेल काहीतरी. कॉलेजात शिकवत नसतील."

तुम्ही तो सव्वादोन महिने एकवेळचा उपास ओढलात. रात्री आम्ही जेवायला बसलो की तुम्ही बाजूला बसून मंजूला वाढायचात, तिच्या हिंदीला मराठीत उत्तरं द्यायचात आणि मला आग्रह करायचात, तू घे, दिवसभर उभी असतेस. मी घ्यायचे. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज वाटायचं, सांगितलं तर दोन वेळच्या ऐवजी एकही वेळ जेवणार नाहीत. आणि मनाच्या अगदी तळाशी, बी.एस्सी.च्याही खाली, एक भीती होती: नेमाचं खरंच काही असलं तर? ती भीती मला स्वतःशीही कबूल करायची नव्हती.

कार्तिकीला तुम्ही भजी खाल्लीत. आणि दोन दिवसांनी स्वतःहून म्हणालात, "चल, त्या वडीवाल्याकडे जाऊ."

त्यानंतरचे दिवस आठवले की मला बरं वाटतं. अख्खा हिवाळा आणि पुढचा उन्हाळा, महिन्या-दोन महिन्यांतून आपण तिथे जायचो. कोपऱ्यातलं टेबल ठरलेलं. कांदा, लसूण, वर हिरवी मिरची. तिलकराज न सांगता ते चाक धुवून तुमच्यापुढे ठेवायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "ये माताजी का डिजाइन है." तुम्ही त्याला दर खेपेला मधे भोक पाडायला सांगायचात. एकदा खरंच पाडून आणलं त्याने, बोटाएवढं, आणि त्यात तूप सोडलं होतं. तुम्ही खाऊन म्हणालात, "आता जमलं." मंजू म्हणाली, "आजी, ये पिझ्झा नहीं रहा." तुम्ही म्हणालात, "नाव काही का असेना, पोट भरलं ना?" त्या दिवशी थंडी अशी होती की काचांवर वाफ धरली होती. मंजूने बोटाने त्या काचेवर तुमचं चित्र काढलं, अंबाडा आणि हातात चाक. मी इतकी खुश क्वचितच असेन.

मग पुढचा आषाढ आला. मंजूचा वाढदिवस भाद्रपदात, तिने पिझ्झाचा हट्ट धरला.

"तुम्ही जा. मी दिवाळीनंतर येईन," तुम्ही म्हणालात.

"बिनालसणीचा देतात की आई," मी म्हटलं. कशी म्हणू शकले, देव जाणे.

"नको गं. पावसाळ्यात मैदा पचत नाही मला. दिवाळीनंतर."

मला हायसं वाटलं. पुढे विचारच केला नाही. त्याच पावसाळ्यात बीजींनी केलेल्या मैद्याच्या मठऱ्या तुम्ही डबाभर संपवल्यात, चहाबरोबर, रोज. ते मी पाहत होते, पण दोन्ही गोष्टी एकीपुढे एक ठेवून कधी पाहिल्या नाहीत.

यंदाही तेच. मंजूचा वाढदिवस तोंडावर आला तेव्हा तुम्ही म्हणालात, दिवाळीनंतर. आणि मग ती दुपार. तुम्ही गवार निवडत होतात, आणि अर्धी निवडून झाल्यावर भिंतीला टेकलात. इतकंच. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. चेहऱ्यावरून मलाही तसंच वाटलं. राहिलेली गवार मी दुसऱ्या दिवशी निवडली, कुणाला तरी करायलाच हवी होती. तेराव्यापर्यंत घरात कांदा-लसूण नव्हताच. तेरावा झाला, पाहुणे गेले, बाल्कनीत स्टोव्ह होता, चटणीचा खल होता, आणि मी चटणी केली नाही. तुमच्या मुलाने विचारलंही नाही. मी काही ठरवलं नव्हतं. काल बीजींच्या हाकेला खिडकी लावली तेव्हा मला कळलं की ठरलेलं आहे. तुमचा यंदाचा चातुर्मास अर्ध्यावर राहिला, तो मी कार्तिकीपर्यंत नेणार.

माझा देवावर एकाएकी विश्वास बसला असं समजू नका. मी तुमच्या देवाशी काही बोललेली नाही. तुम्ही बोलला होतात, शब्द तुमचा आहे. तुमच्या मागे तो पुरा करायला घरात कुणीतरी हवं. गंधकाचं माझं म्हणणं आहे तिथे आहे.

तर संध्याकाळी मंजूला घेऊन सतराच्या बाजारात गेले. तेराव्यानंतर चार-पाच दिवसांत सून हॉटेलात, लोक काय म्हणतील, ही काळजी तुम्हीही केली नसतीत. मंजूचा वाढदिवस तुमच्या सुतकात गेला, तिला मी शब्द दिला होता. तिलकराज आला. आमच्या मागे दाराकडे पाहिलं.

"माताजी?"

मी सांगितलं. त्याने टेबल पुसलं. पुसलेलंच होतं, पुन्हा पुसलं.

"एक," मी म्हटलं, "बिना प्याज, बिना लहसुन. और भैया, सॉस भी नहीं. सादा टमाटर काटकर डालो."

"सॉस बिना पिझ्झा, जी? वो तो..." तो थांबला. आत गेला. आतून बोलाचालीचा आवाज आला. आतला कुणी तयार होत नसावा. बऱ्याच वेळाने पिझ्झा आला, फिक्कट, वर टोमॅटोच्या चकत्या, आणि शेजारी धुतलेलं चाक. ते त्याने मंजूपुढे ठेवलं. मंजूने चाक उचललं, आधी उभे काप दिले, मग तिरके. चौकोनी वड्या. मी काही सांगितलं नव्हतं.

तिने एक वडी तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. "मम्मी, ये तो फीका है. आजी ने फर्स्ट टाइम खाया था ना, वो टेस्टी था."

मी खाल्लं. फिकं म्हणजे किती फिकं! मैदा, टोमॅटो आणि चीज. मीठ विसरलेल्या भाकरीसारखं काहीतरी. आणि मला तुमचा तो घास आठवला. चावता चावता थांबलात, माझ्याकडे पाहिलंत, पाणी प्यालात आणि म्हणालात, चव आहे.

आई, ती चव कशाची होती?

हातभर अंतरावरच्या घरात कढईत पडायच्या आधी ज्यांच्यासाठी हाक द्यावी लागायची, त्यांना तोंडातला लसूण कळला नसेल? मी दोन वर्षं धरून चालले की तुम्हाला कळलं नाही. पहिल्या फटक्यात पास झालेली मी, आणि हे गणित मला काल फिका पिझ्झा खाताना सुटलं. तुम्हाला पहिल्या घासालाच कळलं. माझ्याकडे पाहिलंत, माझा चेहरा पाहिलात, मी काय खुश होते ते पाहिलंत, आणि दुसरी वडी उचललीत. मग मुलगा पडला, तेव्हा "माझ्याच नेमात खोट आली" म्हणालात. माझ्याच. एकदाही माझ्याकडे बोट नाही. सव्वादोन महिने एक वेळ जेवून तुम्ही ते आपल्यापुरतं मिटवलंत, आणि रात्री मला आग्रह करत राहिलात, तू घे. पुढे पावसाळ्यात मैदा पचत नाही म्हणालात, म्हणजे माझ्यावर पुन्हा विचारून यायची पाळी येऊ नये.

कदाचित मी चुकत असेन. त्या दिवशी तुम्हाला पडसं असेल. आता विचारणार कुणाला? पण मला वाटतं तसं असेल, तर मी जे सांगायला दोन वर्षं घाबरत होते ते तुमच्याकडे पहिल्यापासून होतं, आणि तुम्ही ते माझ्यासाठी सांभाळून ठेवलं होतंत. बाकी कशावरून रागवायचात, या एका गोष्टीवरून रागवला नाहीत. मी चुकले होते, आई. एवढंच म्हणायचं होतं. किती सोपं वाक्य आहे!

काल मी तिथे रडले नाही. उलट हसू आलं. मंजू म्हणाली, क्या हुआ, तर तिला म्हटलं, खा, फिकं असलं तरी टाकायचं नाही, तुझ्या आजीने टाकलं नसतं. दोघींनी मिळून ते सगळं संपवलं. शेवटची वडी अर्धी अर्धी केली.

तिलकराज ताट न्यायला आला. आमचे चेहरे बघून त्याला वाईट वाटलं असावं. हळूच म्हणाला, "बहनजी, मज़ा नहीं आया ना? बैठो, लहसुनवाला बना देता हूँ. पाँच मिनट."

मंजूचे डोळे चमकले. ती माझ्याकडे बघत राहिली.

"नहीं भैया," मी म्हटलं. "दीवाली के बाद."